काजव्याला शेजारी हवा

बँकॉकमधल्या एका हॉटेलातली खोली. पडदे घट्ट ओढलेले, दिवे मालवलेले. आत एक अमेरिकन जोडपं बसलंय, जॉन आणि एलिझाबेथ बक. साल १९६०च्या दशकाच्या मधलं. दोघांनी नदीकाठच्या झाडांवरून काजवे पकडून आणलेत आणि दार लावून ते सगळे खोलीत सोडून दिलेत. हॉटेलवाल्याला आधी सांगितलं होतं का, ते मला विचारू नका. मी त्याच्या जागी असतो तर भाडं दुप्पट लावलं असतं.

काजवे आधी भिरभिरले. मग भिंतीवर, छतावर, जमेल तिथे जागा धरून बसले. सुरुवातीला ज्याचं त्याचं लुकलुकणं वेगळं. थोड्या वेळाने जवळ बसलेले दोघं एकाच क्षणी चमकायला लागले. त्यांच्यात तिसरा आला. पलीकडच्या कोपऱ्यात दुसरी टोळी जमली. बघता बघता अंधारात अशा लहान लहान टोळ्या तयार झाल्या आणि प्रत्येक टोळी आपल्या ठेक्यात उघडझाप करायला लागली. कुणी इशारा केला नव्हता. त्यांच्यात म्होरक्याही कुणी नव्हता.

मुक्ता, तुझ्या जंगलाचं घोडं जिथे अडलंय ना, ती जागा या खोलीत आहे.

"म्हणजे कशी आबा? माझ्याकडे दोन हजार काजवे आहेत. प्रत्येकाला वेगळी वेळ दिली की नुसती गर्दी दिसते. सगळ्यांना एकच वेळ दिली की लग्नाची रोषणाई."

तेच सांगतोय. तू गेम इंजिनात जंगल उभं केलंस, डोक्याला हेडसेट लावून त्यात फिरता येतं, बंदुका नाहीत, गुण नाहीत, नुसता उजेड बघायचा. कल्पना झकास आहे. ओंकार, तुझा वाघही तिथे नाही, त्यामुळे आता गप्प बसायचं. पण मुक्ता, तू काजव्यांचं चित्र काढलंस. त्यांचा स्वभाव लिहायचा राहिला.

झाडच्या झाड एका तालात चमकतं, ही बातमी युरोपात पोहोचून तीनशे वर्षं झाली. एंगेलबर्ट केंफर नावाचा जर्मन वैद्य १६९० मध्ये सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, नदीतून प्रवास करत होता. त्याने ते बघितलं आणि लिहून ठेवलं. पुढे कित्येक प्रवाशांनी तेच सांगितलं. पण घरी बसलेल्या शहाण्यांना ते पटेना. हजारो किडे एकत्र ताल धरतात? त्यांना तेवढी अक्कल कुठली? १९१७ मध्ये तर एका गृहस्थांनी 'सायन्स'सारख्या नामांकित नियतकालिकात पत्र छापून आणलं की मलाही असं दिसलं होतं, पण तो माझ्याच पापण्यांच्या फडफडण्याचा परिणाम होता! माणूस आपल्या पापण्यांना दोष द्यायला तयार झाला, किड्याला श्रेय द्यायला नाही.

बक दांपत्याने पापण्यांचा प्रश्न निकालात काढला. फिल्म घेतली, यंत्रांनी मोजलं. थायलंडमधले ते काजवे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त अंतराने चमकतात आणि ठेका जराही सोडत नाहीत. प्रश्न उरला तो एवढाच, की हे जमतं कसं?

त्याचं उत्तर काजव्यांकडून आलंच नाही. ते आलं हृदयाकडून. ओंकार, छातीवर हात ठेव. जे धडधडतंय त्याचा ताल ठरवणारा पेशींचा एक छोटासा गट तिथे आहे, काही हजार पेशींचा. प्रत्येक पेशी स्वतःपुरती भरत जाते आणि काठोकाठ भरली की एक झटका देऊन रिकामी होते. मग पुन्हा भरायला सुरुवात. आता या हजारोंना एकत्र झटका द्यायला कोण सांगतं? चार्ल्स पेस्किन नावाच्या गणितज्ञाने १९७५ मध्ये याचा एक साधा नमुना मांडला. त्याचं म्हणणं, सांगायला कुणी लागत नाही. एक पेशी झटका देते तेव्हा बाकीच्यांना थोडासा धक्का बसतो आणि त्या आपल्या काठाच्या जरा जवळ सरकतात. एवढं पुरे. पुढे १९९० मध्ये रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी सिद्ध करून दाखवलं की प्रत्येकाला बाकी सगळ्यांचा झटका जाणवत असेल आणि भरण्याचा वेग सुरुवातीला जास्त, शेवटी कमी असेल, तर सगळे एकसारखे असताना जवळजवळ कुठल्याही विस्कळीत सुरुवातीतून ते एका तालात येतात.

पंढरीच्या वाटेवर दिंडीत हेच होतं बघ. शे-दोनशे टाळ. कुणी वहीत बघून वाजवत नाही. प्रत्येकाचा कान शेजाऱ्याच्या टाळाला, आपला हात मागे पडतोय असं वाटलं की किंचित लवकर पडतो. काही पावलांत सगळी दिंडी एक होते.

तर मुक्ता, कोड लिहायला घे. प्रत्येक काजव्याला शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा दे. तो आकडा वेळेबरोबर वाढत जाईल. एकला पोहोचला की काजवा चमकेल आणि आकडा पुन्हा शून्य. एवढं तू आधीच केलं असशील. आता पुढची ओळ: जवळपासचा कुणी चमकला की आपल्या आकड्यात थोडी भर. बस्स. आणि हो, सगळ्यांचा वेग अगदी सारखा ठेवू नकोस. कुणी थोडा घाईचा, कुणी थोडा रेंगाळणारा.

"पण मग सगळे एकदम चमकून पुन्हा रोषणाईच होईल ना?"

नाही होणार. गणितातल्या सिद्धतेत प्रत्येक जण बाकी सगळ्यांना बघतो. जंगलात मध्ये फांद्या येतात, पानं येतात. काजव्याला जवळचेच दिसतात. त्यामुळे ताल एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जातो. आपल्याकडे अकोले तालुक्यात पुरुषवाडीला, भंडारदऱ्याच्या बाजूला, मे सरता सरता आणि पावसाच्या तोंडावर जे बघायला लोक जातात ते हेच. झाडावरून उजेडाची लाट वर चढते, शेजारच्या झाडावर उडी घेते, मग सगळा डोंगरउतार क्षणभर काळा होतो. तुझ्या जंगलात ही लाट तुला काढावी लागणार नाही. दर काजव्याला किती लांबचं दिसावं, तो एक आकडा बदलत राहा. कमी ठेवलास तर टोळ्या होतील, वाढवलास तर लाटा.

प्रत्येक जातीचा काजवा हे अगदी याच रीतीने करतो असं मात्र समजू नका. अमेरिकेत ग्रेट स्मोकी नावाच्या डोंगररांगेत एल्कमाँट म्हणून जागा आहे. तिथले काजवे पाच ते आठ वेळा लागोपाठ चमकतात आणि मग सगळे एकदम गप्प, सात-आठ सेकंद ठार अंधार. गंमत अशी की अमेरिका खंडात एका तालात चमकणारे काजवे नाहीतच, असं शास्त्रज्ञ १९९०च्या आसपास ठामपणे सांगत होते. तिथे वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात ओट्यावर बसून हा खेळ बघणाऱ्या लिन फाउस्ट या बाईंनी ते वाचलं आणि शास्त्रज्ञांना कळवलं की आमच्या अंगणात या! ते गेले, त्यांनी मोजलं आणि मान्य केलं. बाई पुढे काजव्यांच्या जाणकार झाल्या, त्यांनी काजव्यांवर पुस्तक लिहिलं.

आता हा उजेड येतो कुठून? फ्रान्समध्ये राफाएल दुब्वा याने १८८०च्या दशकात शोधलं की दोन पदार्थ लागतात. एक जळणारा, ल्युसिफेरिन. दुसरा जाळायला मदत करणारा, ल्युसिफरेज. 'जळणारा' म्हटलं तरी चटका नाही. ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटणारी ऊर्जा उष्णतेऐवजी उजेड होऊन बाहेर पडते. जुन्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम विसावा हिस्सा उजेड व्हायचा, बाकी सगळी उष्णता. त्यापुढे काजवा फार काटकसरी. पण आणखी एक गोष्ट लागते असं अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांना १९४७ मध्ये सापडलं. एटीपी, म्हणजे तुमच्या-माझ्या स्नायूंना ताकद पुरवणारा रेणू. या अभ्यासाला काजवे लागायचे ढिगाने. मग त्यांनी बाल्टिमोरच्या मुलांना कामाला लावलं: शंभर काजवे आणा, पंचवीस सेंट घेऊन जा. मुलं बरण्या घेऊन धावली.

ओंकार, डोळे चमकवू नकोस. आपल्याकडे ते धंदे करायचे नाहीत.

मुक्ता, काजव्याचं चमकणं नीट बघितलंस तर ते बटण दाबल्यासारखं नसतं. झपकन चढतं, मग जरा सावकाश उतरतं. हेडसेटमध्ये दर सेकंदाला नव्वद चित्रं दाखवतात असं तूच मला सांगितलंस. म्हणजे काजव्याची चमक सेकंदाचा दहावा भाग टिकली तर तुझ्या हातात नऊ चित्रं आहेत. पहिल्या दोन चित्रांत चढ, उरलेल्या सातांत उतार. एवढ्याशा फरकाने बल्बचा काजवा होईल.

आणि सगळ्यांना लाटेत घालू नकोस. काही जातींचं चमकणं म्हणजे सरळ सवाल-जवाब. अमेरिकेत परसदारी दिसणारा एक काजवा आहे. नर उडता उडता उजेडाचा आकडा काढतो, इंग्रजी 'जे' अक्षराचा, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. गवतात बसलेली मादी त्याला लगेच उत्तर देत नाही. साधारण दोन सेकंद थांबते, मग एकदा चमकते. त्या दोन सेकंदांवर सगळं ठरतं. लवकर चमकली तर नर समजतो की ही आपल्यातली नव्हे. उशीर झाला तरी तेच.

पण इथे एक ठगही आहे. जेम्स लॉइड नावाच्या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवून दिलं की दुसऱ्याच एका मोठ्या जातीची मादी हा दोन सेकंदांचा संकेत शिकून बसलेली असते. नर आकडा काढतो, ती मोजून थांबते आणि बरोब्बर उत्तर देते. नर खूश होऊन खाली येतो आणि ती त्याला खाऊन टाकते.

"ई!"

ई काय? नुसतं सुंदर करायला गेलं की जंगल खोटं होतं. मुक्ता, दोन हजारांत दहा अशा लबाड माद्या सोड. बघणाऱ्याला कळणारही नाही, पण गवतातला एखादा दिवा चमकेल, वरचा एक खाली येईल आणि मग तिथला उजेड काही वेळ दिसणार नाही. कुणाला तरी ते खटकेल. त्यानेच माणूस दुसऱ्यांदा आत येईल.

आता झाडाखाली येऊ, दिवसाउजेडी. काल मी तुझा तो हेडसेट लावून बघितला तेव्हा झाडाखालच्या उन्हाच्या कवडशांना धारदार कडा होत्या, पानांतल्या फटींचे आकार जसेच्या तसे जमिनीवर कापून ठेवलेले. खरे कवडसे असे नसतात. उद्या आंब्याखाली जाऊन बघ. फट तिकोनी असो, फाटकी असो, कवडसा बहुतेक वेळा गोल किंवा लंबगोल पडतो. कारण तो फटीचा आकार नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं. लहानशा छिद्रातून पलीकडे पडद्यावर चित्र पडतं, शाळेत पिनहोल कॅमेरा केला होतास ना, तोच प्रकार. झाड म्हणजे हजारो पिनहोल कॅमेरे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसलं. ढग नव्हते तिथे झाडाखालचा एकेक कवडसा कोरीच्या आकाराचा झाला होता. लोक काळे चष्मे लावून वर बघत होते, आणि खाली पायाशी शेकडो चंद्रकोरी पडलेल्या.

कवडसा केवढा असावा तेही ठरलेलं आहे. सूर्य त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट लांब आहे. म्हणून लहान फट जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या १०८व्या भागाएवढा कवडसा. पावणेअकरा मीटरवर फट असेल तर साधारण दहा सेंटिमीटरचा गोळा. (जपमाळेतही १०८च मणी असतात म्हणून कुणी तुम्हाला काही सांगायला आलं तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.) संगणकातला सूर्य मात्र गणिताच्या सोयीसाठी एक बिंदू मानलेला असतो, नुसती दिशा. बिंदूला व्यास नाही, म्हणून सावलीला मऊ कड नाही. त्याला आकार दे. आकाशात सूर्य अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो, ०.५३ अंश. तेवढा भरलास की कवडसे आपोआप गोल होतील.

पानांचंही तसंच. तू प्रत्येक पानाला वरून हिरवा रंग दिलास. पण चैत्रात कोशिंबाच्या झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर पालवी आतून पेटल्यागत लाल दिसते, कारण आपण पानावरून परतणारा उजेड बघत नसतो, पानातून गाळून आलेला बघत असतो. उजेड पृष्ठभागातून आत शिरतो, पेशींमध्ये इकडेतिकडे आपटतो, काही रंग तिथेच गमावतो आणि उरलेला घेऊन दुसरीकडून निघतो. संगणकाच्या चित्रांत बरीच वर्षं हे जमत नव्हतं. त्वचा, दूध, संगमरवर, सगळं रंग दिलेल्या प्लास्टिकचं वाटायचं. २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आत शिरणाऱ्या उजेडाचं गणित संगणकाला झेपेल असं सोपं करून मांडलं, तेव्हापासून पडद्यावरचे चेहरे जिवंत दिसायला लागले. तुझ्या गेम इंजिनात त्याची तयार सोय असेल, शोध.

वाऱ्याची गोष्ट त्याच्याही आधीची. १९८२ मध्ये 'ट्रॉन' नावाचा चित्रपट आला, त्यात संगणकाने काढलेली दृश्यं होती. त्यावर काम केलेल्या केन पर्लिन या तरुणाला एक गोष्ट डाचत राहिली: सगळं फार गुळगुळीत, फार यंत्रासारखं. त्याने मग एक युक्ती काढली. पूर्ण नियमित नाही, पूर्ण मोकाटही नाही, असा हळूहळू बदलत जाणारा आकड्यांचा प्रवाह. शेजारचे आकडे एकमेकांच्या जवळपास राहतात, पण पुढे काय येईल ते सांगता येत नाही. त्यातून ढग निघाले, लाकडाच्या रेषा निघाल्या, धुकं, ज्वाळा, पाणी, सगळं निघालं. १९९७ मध्ये त्याला या युक्तीसाठी ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. फांद्या डोलवायला तू तीच वापर. आणि लक्षात ठेव, फांदी हलली की कवडसा हलणार, कवडशातल्या पानाचा रंग हलणार. वेगळं काही हलवायला लागत नाही.

काळोखाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण रात्रीच्या जंगलात खरा माल तोच आहे. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या रात्री तो एका लक्सच्याही पाव हिश्शाच्या आसपास. आपला डोळा दोन्हीकडे काम चालवतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं. पडद्याला एवढा पल्ला झेपत नाही. त्याचा सर्वांत गडद काळा रंगसुद्धा बऱ्याचदा थोडा उजळलेला असतो. मग करायचं काय? डोळ्याची रीत उसनी घ्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाला पहाटे फिरताना दिसलं की दिवसा लालभडक असणारी फुलं झुंजुमुंजू उजेडात काळपट दिसतात आणि त्यांची हिरवी पानं त्यांच्याहून उजळ. कारण अंधारात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामावर येतात, त्यांना रंग कळत नाही, लाल तर जवळजवळ दिसतच नाही, निळ्या-हिरव्याला त्या जास्त दाद देतात. तेव्हा रात्रीच्या दृश्यात उजेड कमी करून भागायचं नाही. लाल काढून टाक, रंग फिके कर, कडा पुसट कर. आणि माणूस आत आला की पहिली दोन मिनिटं त्याला काहीच दाखवू नकोस. त्याला कंटाळू दे. मग एक काजवा.

"एकच?"

एकच. बाकीचे त्याला बघून सुरू होतील.

जमिनीजवळ आणखी एक उजेड ठेवता येईल. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजणाऱ्या फांद्यांवर बुरशी उगवते आणि रात्री ती फिकट हिरवी उजळते. ती लुकलुकत नाही. नुसती असते. ती कशासाठी उजळते? ब्राझीलमधल्या एका चमकणाऱ्या आळंब्यावर २०१५ मध्ये अभ्यास झाला. त्याचा उजेड रात्री वाढतो, दिवसा उतरतो, आणि त्याला किडे येतात. किडे त्याचे बीजाणू घेऊन जात असावेत. म्हणजे जो उजेड एकटाच स्वस्थ बसलाय असं वाटतं, तोही कुणाला तरी बोलावतोय.

समुद्राचा उजेड त्याहून गमतीचा. कोकणच्या किनाऱ्यावर, अगदी मुंबईच्या जुहूलासुद्धा, काही रात्री लाट फुटते तिथे पाणी निळं चमकतं. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव असतो तो. पाणी स्वस्थ असेल तर काही नाही. लाट फुटली, मासा सळसळला, वल्हं पडलं, तुझा पाय पडला, की चमक. वाळू ओली असेल तर पावलाभोवती उजेड सांडतो. म्हणजे ज्याला धक्का लागला तो बोलला.

मुक्ता, माझं म्हणणं एवढंच आहे. जिवंत उजेड कधी आपल्या मनाने उगीच चालू-बंद होत नाही. काजवा शेजाऱ्याला बोलतो, पान सूर्याला, समुद्र तुझ्या पायाला. तुझ्या जंगलात जो दिवा कुणालाच उत्तर देत नाही, तो काढून टाक. मग तो कितीही छान दिसत असो.

आणि हे ज्या बाईंनी फार आधी नीट ओळखलं त्यांचं नाव सांगतो: शार डेव्हिस. कॅनडाच्या. मुळात चित्रकार. मग मॉन्ट्रियलच्या सॉफ्टइमेज नावाच्या कंपनीत अगदी सुरुवातीपासून होत्या, म्हणजे ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने 'जुरासिक पार्क'चे डायनोसॉर चालले ती. सगळं जग संगणकातून दगडांच्या कडा आणि डायनोसॉरचे दात काढत होतं, तेव्हा या बाईंना कडा नको होत्या. त्यांची नजर अधू होती, चष्मा काढला की वस्तू विरघळून उजेडाचे डाग व्हायचे, आणि चित्रकार म्हणून त्यांना तेच आवडायचं. शिवाय त्या समुद्रात बुडी मारणाऱ्या. खोल पाण्यात पाणबुड्या श्वासाने वरखाली होतो: श्वास घेतला की किंचित वर, सोडला की खाली.

१९९५ मध्ये त्यांनी 'ऑस्मोस' नावाचं आभासी जग मॉन्ट्रियलच्या समकालीन कलेच्या संग्रहालयात मांडलं. डोक्याला हेडसेट, आणि छातीभोवती श्वास मोजणारं जाकीट. हातात काहीच नाही. श्वास घेतलास की वर तरंगणार, सोडलास की खाली उतरणार, कुठे जायचं ते अंग झुकवून. आत गेल्यावर आधी दिसते नुसत्या सरळ रेषांची जाळी. श्वास लागला की जाळी विरते आणि एक माळ येतो, मधोमध एक झाड, सगळं अर्धपारदर्शक उजेडाचं. झाडातून आरपार जाता येतं, पानाच्या आत जाता येतं. तळं आहे. खाली उतरलं की मुळं, माती. आणि सगळ्याच्या तळाशी काय ठेवलं असेल? ज्या प्रोग्रॅमने हे जग उभं राहिलं त्याच्या ओळी. मला हे फार आवडतं. जादूगाराने आपणहून पडद्यामागचं दाखवलं.

'ऑस्मोस' चालवायला तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्सचं कपाटाएवढं यंत्र लागायचं. आज तू जेवणाच्या टेबलावर बसून करतेस. त्या वेळी लोक बाहेर येऊन रडायचे म्हणे. रडण्याचं मला एवढं कौतुक नाही. मला कौतुक याचं वाटतं की आत गेल्यावर घाई करून चालायचं नाही. धापा टाकणारा माणूस नुसता वरखाली होत राहणार. जग बघायचं असेल तर आधी श्वास शांत.

तुझ्याकडे ते जाकीट नाही, पण हेडसेटला माणसाची मान किती हलतेय ते कळतं. त्याचा वापर कर. जो भराभर डोकं फिरवेल त्याचे जवळचे काजवे विझू देत. खऱ्यातही तसंच आहे; काजवे महोत्सव म्हणून गाड्यांचे हेडलाइट पाडत, मोबाईलचे टॉर्च नाचवत लोक जातात आणि मग म्हणतात, काही दिसलंच नाही. काजव्याच्या जवाबाला हवा असतो अंधार. वर टॉर्च मारला की नराला मादी दिसत नाही, आणि मोठे झाल्यावर त्यांच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. त्याच्या आधीचं आयुष्य अळी होऊन पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात. तुझ्या जंगलात निदान दहा हजार माणसं आली तरी एकही गोगलगाय चिरडणार नाही.

"आबा, मग सगळ्यांनी हेडसेटच लावायचा का? डोंगरात जायचंच नाही?"

ओंकार, तू जायचंस. टॉर्चला लाल कागद लावून, तोही खाली जमिनीकडे धरून. हिला हे सगळं नीट लिहिता येण्यासाठी आधी कुणीतरी तिथे बसून मोजून आणायला हवं: आपल्या उंबरावरचा काजवा किती सेकंदांनी चमकतो, गप्प किती वेळ राहतो, शेजारच्या झाडाशी त्याची लाट जुळते का. ते आकडे थायलंडचे उसने आणून चालणार नाहीत. वही, पेन्सिल आणि घड्याळ घे. मोबाईल घरी.

मला आता ती चढण झेपत नाही. म्हणून मुक्ता, तुझ्या जंगलात त्या झाडाखाली मला बसायला एक सपाट दगड ठेव.

"आबा, हेडसेट लावून तुम्ही खुर्चीतच बसलेले असता!"

असू दे. तरी दगड ठेव.